चकली आधी, प्रश्न नंतर

गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका मुलाने फोनवर मला एक वाक्य ऐकवलं आणि मी ऑफिसात बसल्या जागी गार पडले. ते वाक्य पुढे येईलच. लोकांना प्रश्न विचारणं हा माझा एकोणीस वर्षांचा धंदा. उत्तर ऐकून दचकायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. ‘तुम्ही विवाहित आहात का?’ या साध्या प्रश्नाला, बायको शेजारी बसलेली असताना, ‘पुढचा प्रश्न’ म्हणणारा नवराही मी चेहऱ्यावरची रेघ न हलवता नोंदवला आहे. पण त्या मुलाच्या वाक्याने जी हादरले, ती अजून पुरती सावरलेली नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

पुण्यात मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. ऑकलंडला आलो तेव्हा ज्या ज्या ठिकाणी अर्ज केला तिथे सगळ्यांनी एकच विचारलं, ‘न्यूझीलंडमधला अनुभव?’ अनुभव कुठून आणणार, विमानातून उतरून महिना झाला होता. शेवटी गावाच्या मध्यात एका सर्वेक्षण कंपनीत फोनवर प्रश्न विचारायचं काम मिळालं. तिथून हळूहळू फील्ड सुपरवायझर झाले, म्हणजे रस्त्यावर, दारात आणि फोनवर प्रश्न विचारणाऱ्यांची मुकादम. नातेवाईक विचारतात, “म्हणजे जेवणाच्या वेळी फोन करून छळतात, त्या तुम्ही?” हो, त्याच आम्ही.

बाहेरच्यांना वाटतं, प्रश्न विचारायला काय अक्कल लागते? लागते. आमटीत मीठ किती आहे ते बघायला अख्खं पातेलं प्यावं लागत नाही, एक पळी पुरते, पण पातेलं आधी तळापासून ढवळलेलं असावं लागतं. ते ढवळणं म्हणजे आमचं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे आपण स्वतः त्या आमटीत न पडणं. त्यासाठी नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी तीन गोष्टी घोकून घ्यायला लावायची. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, त्यात आपलं काही घालायचं नाही. उत्तर ऐकताना चेहरा कोरा ठेवायचा, मान हलवायची नाही, ‘छान’ म्हणायचं नाही. आणि कंपनी जी काही छोटी भेट देते, चॉकलेट म्हणा, पेन म्हणा, ती सगळी उत्तरं घेऊन झाल्यावर द्यायची. आधी दिली तर माणूस मिंधा होतो आणि मिंधा माणूस आपल्याला आवडेल ते बोलतो.

हे मी शेकडो वेळा शिकवलं आहे. तिसरा नियम शिकवताना तर मी बोट उंच करायची.

लबाडी पकडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, हेही सांगून टाकते, कारण पुढे त्याचीच मला लाज वाटणार आहे. एक बाई होत्या, अगदी व्यवस्थित, वेळेवर येणाऱ्या. त्यांचे फॉर्म बघता बघता माझ्या लक्षात आलं की त्यांच्याकडे ‘माहीत नाही’ म्हणणारा माणूसच नाही. खऱ्या माणसांना पुष्कळ गोष्टी माहीत नसतात. त्यांचं ठरलेलं नसतं, ती चाचरतात, ‘बघू’ म्हणतात. मनाने भरलेल्या फॉर्ममधली माणसं मात्र सगळी ठाम असतात. चौकशी केली तर बाई समुद्रकिनाऱ्यावर गाडी लावून, चिप्स खात, एकट्याच सगळ्या गल्लीची मतं भरत होत्या. त्यांना मी त्याच दिवशी घरी पाठवलं आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला, मिलिंदला, हा किस्सा दोनदा सांगितला.

आता मूळ गोष्ट. या देशाला राष्ट्राध्यक्ष नाही. राजा आहे, तो लांब लंडनला असतो आणि त्याला कोणी मत देत नाही. पण विद्यापीठांतल्या विद्यार्थी संघटनांना अध्यक्ष असतो, आणि ती गंमत नसते. निवडून आलं की एक वर्ष पूर्ण वेळ ते काम करायचं. पगार, ऑफिस, कुलगुरूंच्या बैठकीत खुर्ची. आमच्याकडे काम आलं ते विद्यार्थ्यांच्या साप्ताहिकाकडून. मतदानाच्या दोन आठवडे आधी, कोण पुढे आहे ते त्यांना छापायचं होतं. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. ज्या दोघींची ही गोष्ट आहे त्यांनी ‘लिहा’ म्हटलं आहे.

चार उमेदवार होते. तीन मुलगे आणि एक मुलगी, सानिका. आडनाव आपलं. यादी बघून मला बरं वाटलं हे नाकारत नाही, पण मी तिला ओळखत नव्हते आणि माझं काम मला कळत होतं. निदान असं मला वाटत होतं.

दोन ठिकाणी उभं राहायचं ठरलं. खालच्या गेटवर वैशाली, म्हणजे ठाण्याची माझी सहकारी, आणि लायब्ररीच्या पायऱ्यांवर मी. समोरून जाणाऱ्या प्रत्येक पाचव्या विद्यार्थ्याला थांबवायचं, टॅबलेटवरचे सहा प्रश्न विचारायचे, पडताळणीसाठी फोन नंबर घ्यायचा आणि शेवटी चॉकलेट द्यायचं. दोन दिवस मी उन्हात उभी राहिले. कानात इअरफोनची बोंडुकली घातलेली, पायांत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अडकवलेली पोरं ‘सॉरी, आय’म लेट’ म्हणत मला वळसा घालून जायची. ती चॉकलेटं त्यांना डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, कधीही मिळत होती. ठरलेल्या मुलाखतींचा कोटा भरेना. साप्ताहिकाची छपाईची तारीख जवळ आली.

घरी दिवाळीची भाजणी दळून आली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मिलिंदने सोऱ्या धरून दोन घाणे काढले आणि मी मोठा स्टीलचा डबा घेऊन पायऱ्यांवर गेले. चॉकलेटांच्या जागी चकल्या द्यायच्या, एवढाच विचार होता. पण पहिला मुलगा समोर आला, दमलेला, सकाळपासून काही खाल्लं नसावं असा, आणि माझा हात आपोआप डब्यात गेला. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाच्या हातावर आधी काहीतरी ठेवतात, मग विचारपूस करतात. माझ्या आईने कधी पाहुण्याला पाणी न देता ‘काय काम काढलंत?’ असं विचारलं नाही, मीही विचारलेलं नाही. मुलाने चकली खाल्ली, “व्हॉट इज धिस, इट्स सो गुड,” म्हणाला आणि सहाच्या सहा प्रश्नांची उत्तरं देऊन गेला.

मग काय, रांग लागली. पोरं मित्रांना घेऊन यायला लागली. दुपारी वैशाली वर आली आणि बघतच राहिली.

“अगं माधवी, आधी देतेयस? भेट नंतर द्यायची ना?”

“ही भेट नाहीये. चकली आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे खा तू पण. आणि बोलू नकोस.”

तिने खाल्ली आणि ती बोलली नाही. आता कळतं की तिथेच सगळं आलं.

मुलं माझ्याशी फार गोड वागत होती. मी सानिकाचं नाव नीट उच्चारायची, इथल्या लोकांसारखं ‘सॅनायका’ नाही. ते वाचलं की मुलं माझ्या तोंडाकडे बघून हसायची. “सानिका, फॉर श्योर,” म्हणायची. एका उंच मुलाने तर जाताना माझ्या दंडावर हलकेच थोपटलं आणि म्हणाला, “यू मस्ट बी सो प्राउड.” मला वाटलं, चकल्यांबद्दल म्हणतोय. मी म्हटलं, “आय ॲम.”

डबा नेल्यापासून चार दिवसांत कोटा भरला. आकडे जुळवायला बसलो तेव्हा सानिका दोन नंबरच्या मुलापेक्षा जवळपास दुप्पट पुढे होती. वैशालीच्या गेटवर मात्र ती तिसरी होती. वैशाली म्हणाली, “एवढा फरक कसा?” मी म्हटलं, “तुझ्या गेटवर सगळी इंजिनिअरिंगची पोरं, आणि तुझ्या मुलाखतीही थोड्याच.” आणखी एक गोष्ट मला दिसली होती, आणि ती लिहिताना आजही मला ओशाळल्यासारखं होतं. माझ्या फॉर्मवर ‘अजून ठरवलं नाही’ असं म्हणणारं जवळजवळ कोणीच नव्हतं. गाडीत बसून फॉर्म भरणारी बाई ज्या खुणेवरून मी पकडली, तीच खूण माझ्या समोर पडली होती. मला वाटलं, वा, काय जागरूक मुलं आहेत.

आमच्याकडे दर दहा मुलाखतींमागे एकाला परत फोन करून पडताळणी होते. ती मी करते, सगळ्यांची. माझी कोण करणार? इतक्या वर्षांत कोणी सुचवलंही नव्हतं.

साप्ताहिकाने पहिल्या पानावर छापलं. पुढच्या अंकात सानिकाची मुलाखत होती. तिने सांगितलं होतं की शिक्षण संपल्यावर वेलिंग्टनला एका चांगल्या कंपनीत नोकरी मिळालेली होती, पण ते लोक वर्षभर थांबायला तयार नव्हते. पाहणीचे आकडे बघून धीर आला, म्हणून नोकरीला नकार कळवला. ते वाचून मला वाटलेला अभिमान मी लपवणार नाही. मी ते पान मिलिंदला दाखवलं. तो म्हणाला, “अगं, आणि आकडे चुकले तर?” मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढे काही विचारलं नाही.

सानिका हरली. नुसती हरली नाही, तिसरी आली. बरोबर वैशालीच्या गेटवर होती तिथे.

आमची बॉस हेलन, शांत बाई. आवाज न चढवता तिने मला बोलावलं आणि म्हणाली, “माधवी, तुझ्या मुलाखतींची पडताळणी करायला हवी.” ती वैशालीने करावी असं तिचं म्हणणं होतं. मी हट्टाने म्हटलं, मीच करते, तू समोर बस. मनात खात्री होती की मुलांनी आयत्या वेळी विचार बदलला असणार. तसं होतं कधी कधी.

फोनवर मी फक्त कंपनीचं नाव सांगितलं. पहिल्याच मुलाला विचारलं की त्या दिवशी पाहणीत त्याने सानिकाचं नाव घेतलं होतं का. तो म्हणाला, “ओह, दॅट. येस. आय टोल्ड हर मम आय’ड व्होट फॉर हर.”

मी म्हटलं, “कोणाला सांगितलंस?”

“सानिकाज मम. लायब्ररीपाशी खाऊ वाटत होत्या ना, त्या.”

फोन स्पीकरवर होता. हेलन माझ्याकडे बघत होती. मी कसंबसं विचारलं, मग मत कोणाला दिलंस? त्याने निवडून आलेल्या मुलाचं नाव घेतलं. आणि वर म्हणाला, “मी त्यांना तसं सांगू शकलो नाही. त्यांनी घरी केलेलं काहीतरी दिलं होतं. कोणाच्या आईला तोंडावर नाही कसं म्हणणार?”

मी दुसरा नंबर लावला. एक मुलगी. तिचंही तेच. ‘तिची आई इतकी गोड होती.’ तिसरा आपल्यातलाच निघाला, नाशिकचा, मास्टर्सला आलेला. मराठीत विचारल्यावर तो खुलला. “अहो, काकूंनी चकली हातात दिली. मग काय सांगणार, की तुमच्या मुलीला मत देणार नाही? माझ्या आईला कळलं असतं तर तिने फोनवरून मारलं असतं मला.”

त्यापुढचे फोन मी केले, पण त्यात मला काही नवीन ऐकायचं उरलं नव्हतं. कुर्ता घातलेली, पन्नाशीपुढची, भारतीय दिसणारी बाई, हातात घरचा डबा, आणि यादीत भारतीय नाव एकच. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र कोण वाचतंय! चार दिवस मी त्या पायऱ्यांवर उभी राहून, चेहरा कोरा ठेवून, शब्द न् शब्द छापल्याप्रमाणे वाचून, ‘माझ्या लेकीला मत देणार का?’ असं विचारत होते. आणि या देशातली सभ्य पोरं मला ‘हो’ म्हणत होती.

हेलन म्हणाली, “तू काही खोटं केलेलं नाहीस.” तेच मला जास्त लागलं. गाडीत बसून फॉर्म भरणारीला निदान ठाऊक होतं की ती खोटं लिहितेय.

मी अहवाल लिहिला. काही हातचं राखलं नाही. साप्ताहिकाने आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला. कामाच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. पण एका मुलीने माझ्या आकड्यांवर हातची नोकरी सोडली होती, तिला चार ओळी पुरणार नव्हत्या. तिचे आईवडील हॅमिल्टनला रोटोटुना नावाच्या उपनगरात राहतात हे तिथल्या मराठी मंडळातून कळलं. तिच्या आईला, शरयूताईंना, मी फोन केला. सानिकाच्या निवडणुकीबद्दल बोलायचंय म्हटलं. त्या म्हणाल्या, “या की. ती आलीये घरी, परीक्षा संपल्यात. जेवायलाच या.” मी म्हटलं, चहाला येते.

नोव्हेंबरातला रविवार. दीड तास गाडी चालवताना मी काय बोलायचं ते पाठ करत होते. नवी वसाहत, सारखी घरं, दारापुढे कापलेलं गवत. शरयूताई दारातच उभ्या होत्या. बारीक चणीच्या, केस वर बांधलेले, डोळे थकलेले. “या, बसा. सानिका अंघोळीला गेलीये, येईलच. आधी घ्या काहीतरी.” आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या हातात ताटली आली. चिवडा, लाडू आणि तीन चकल्या.

मी ताटलीकडे बघत राहिले.

“घ्या ना. दिवाळीचंच उरलंय.”

मी चकली तोंडात घातली. मऊ पडली होती. मोहन जास्त, किंवा डब्याचं झाकण उघडं राहिलेलं. काहीही असो, मऊ होती. शरयूताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“कशी झालीये?”

“छान,” मी म्हटलं. “एकदम खुसखुशीत.”

हे शब्द माझ्याच तोंडातून आले, पूर्ण ठामपणे, क्षणाचाही विचार न करता. मला स्वतःचाच धक्का बसला. एकोणीस वर्षं मी ज्याच्याबद्दल बोट उंच करून बोलत होते, ते असं असतं तर. खोटं बोलतोय हे बोलणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

मी ताटली खाली ठेवली. तेवढ्यात सानिका आली, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला. “हाय, काकू,” म्हणाली आणि सोफ्याच्या हातावर टेकली. मी पाठ केलेलं सगळं विसरले.

“सानिका, लायब्ररीच्या पायऱ्यांवर चकल्या देऊन प्रश्न विचारत होती ती बाई मी होते. मुलांना वाटलं, मी तुझी आई. म्हणून सगळी हो म्हणाली. आकडे त्यामुळे चुकले. तू नोकरी सोडलीस ती माझ्यामुळे. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं, म्हणून आले.”

ती चिडेल, रडेल, निघून जाईल, सगळ्याची मी तयारी केली होती. तिने फक्त डोक्याचा टॉवेल काढला.

“ते तुम्ही होता?”

“हो.”

“लायब्ररी स्टेप्सवर. चकली. ऑल फोर डेज?”

“हो गं. चुकलंच माझं.”

“नो, पण...” ती थांबली. “काकू, मी आकड्यांमुळे नाही सोडला जॉब. पेपर यायच्या आधीच मी त्यांना नाही म्हणून ईमेल केली होती.”

“पण तू मुलाखतीत तर...”

“रिपोर्टरने विचारलं ना. मग काय सांगणार पेपरमध्ये?” ती माझ्याकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती. “माझ्या फ्लॅटमेट्स धावत आल्या. युअर मम’ज ऑन कॅम्पस, चकली देऊन लोकांना विचारतेय. आई दर महिन्याला डबा पाठवते, त्यांना चकली म्हणजे माझी मम, एवढंच माहितीये. आणि आम्ही तेव्हा तीन वीक्स बोलत नव्हतो. आई म्हणत होती जॉब घे, इलेक्शन सोड, आणि मी फोन कट केला होता. मग मी लायब्ररीकडे पळत गेले. कोणी नव्हतं. चकलीचा चुरा होता स्टेप्सवर.”

शरयूताई चहाचा कप धरून उभ्या होत्या.

“मला वाटलं, मला कळू द्यायचं नसेल तुला,” सानिका म्हणाली. “म्हणून मी पण काही बोलले नाही. आय थॉट यू केम, आई. हॅमिल्टनहून, इतक्या लांब, रोज. त्याच दिवशी मी ती ईमेल केली.”

मी आकडे चुकवले म्हणून माफी मागायला आले होते. आकडे त्यात कुठेच नव्हते.

शरयूताईंनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

“मी कशाला येईन गं? मी तर रोज देवापुढे बसून म्हणत होते, हिला हरू दे. हरली की नोकरी घेईल. तू ती आधीच सोडलीस, हे मला कुठे ठाऊक होतं.”

आमच्या धंद्यात कोणी काहीही सांगितलं तरी चेहरा कोरा ठेवायचा असतो. मला तो ठेवता आला नाही. सानिकाचा तर रंगच उडाला.

“आणि तू खरंच हरलीस,” शरयूताई म्हणाल्या. “तेव्हापासून मला झोप नाही.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही आकड्यांतल्या आहात. शिकलेल्या आहात. मला खरं सांगा. माझ्यामुळे हरली का ही?”

हा प्रश्न मला कधीच कोणी विचारला नव्हता. “नाही,” मी म्हटलं. “पहिल्या दिवसापासून ती तिसरीच होती. खालच्या गेटवर माझ्या मैत्रिणीने विचारलं तेव्हाही तिसरीच. मला ते बघायचं नव्हतं, एवढंच.”

त्यांनी मान हलवली आणि खुर्चीत बसल्या. सानिका म्हणाली, “तू देवाला सांगितलंस. मला का नाही सांगितलंस, की तू इतकी घाबरलीयेस? मला विचारायचं ना, मला खरंच प्रेसिडेंट व्हायचंय का ते.”

“विचारलं असतं, तर खरं सांगितलं असतंस?”

सानिकाने हातातल्या टॉवेलची घडी घातली. बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन चालू होतं.

“माहीत नाही, आई,” ती म्हणाली.

मग तिने हात लांब करून माझ्या ताटलीतली चकली उचलली, एक तुकडा मोडून खाल्ला.

“मऊ पडलीये.”

“माहितीये मला,” शरयूताई म्हणाल्या.